पाट आदिवासींचा, दुरुस्ती कुणाची?

नवी दिल्ली : नंदुरबारच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील आजच्या अलिराजपूर जिल्ह्यात भिताडा गावच्या भिल्लांनी डोंगरी ओढ्यांचे पाणी शेतात नेणारी पाटपद्धती विकसित केली. दगड रचून, सागाची पाने व मातीचा लेप देऊन ओढा अडवायचा आणि पाणी पाटात वळवायचे. ज्या कुटुंबाची पाण्याची पाळी, त्या दिवशी पाटाची डागडुजीही त्याच कुटुंबाकडे. पाण्याचा हक्क आणि देखभालीची जबाबदारी येथे एकाच हाती होती. सरकारी सिंचनात नेमकी हीच सांगड तुटली आहे.

पाणी हा राज्यसूचीतील विषय. केंद्राचा निधी मुख्यतः बांधकामाभोवती फिरतो. १९९६-९७ चा वेगवर्धित सिंचनलाभ कार्यक्रम रखडलेल्या प्रकल्पांसाठी होता. घटनेच्या अनुच्छेद २७५(१) मधील अनुदानाचा भरही केंद्राने संमत केलेल्या विकासयोजनांवर आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत जुन्या जलसाठ्यांच्या दुरुस्तीला स्थान मिळाले खरे. मात्र दुरुस्तीनंतर दरवर्षी साचणारा गाळ काढण्याचा भार अखेर राज्यांवरच पडतो. नव्या बंधाऱ्याचे उद्घाटन होते, फुटलेल्या चारीचे होत नाही.

संसदेने या प्रश्नाचे उत्तर १९९६ मध्येच दिले होते. अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद 'पेसा' कायद्यात आहे. परंतु कायद्याचे शब्द 'योग्य स्तरावरील पंचायती' असे आहेत. ग्रामसभेचा तेथे उल्लेख नाही. त्यामुळे तो स्तर ठरविण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये, तर मध्य प्रदेशचे २०२२ मध्ये आले. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये आणखी एक दार उघडले. ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरहून कमी वनजमीन तलाव वा लघुसिंचनाच्या पाटांसाठी वळवता येते.

अधिकार कागदावर आहेत. त्यांच्यामागे पैसा व माणसे नाहीत, ही खरी अडचण आहे. नियमांत ग्रामसभेचा स्पष्ट उल्लेख, दरवर्षीचा बंधनमुक्त दुरुस्तीनिधी आणि गोळा झालेली पाणीपट्टी गावातच ठेवण्याची मुभा, या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. गरज आहे ती अधिकार सोडण्याच्या राजकीय इच्छाशक्तीची. ती नसेल, तर प्रत्येक नवा बंधारा काही पावसाळ्यांनंतर जुन्या तक्रारींच्या यादीत जमा होईल.