सहाणेवरची बाहुली

आमच्या घरी सहाणेजवळ बोटभर उंचीची एक लाल बाहुली असायची. मुका मार लागला, पाय मुरगळला, की आजी सहाणेवर चार थेंब पाणी टाकून ती उगाळायची आणि गडद लाल लेप सुजेवर लावायची. उगाळून उगाळून बाहुलीचे पाय कधीच नाहीसे झाले होते. ती तिरुपतीहून आणलेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ती बाहुली रक्तचंदनाची होती, आणि रक्तचंदन नावापुरतंच चंदन. त्याला सुवास नाही. कूळ आपल्या सह्याद्रीतल्या बिबळ्याचं. पण रानात हे झाड मुख्यतः आंध्रातल्या कडपा, चित्तूर, नेल्लोर या भागांतल्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर वाढतं, आणि शेषाचलमची रांग हे त्याचं खरं माहेर. काळपट, चौकोनी भेगा पडलेल्या सालीखाली फिकं लाकूड लागतं आणि त्याच्या आत एकदम लाल गाभा. तो भरायला काही दशकं लागतात.

हा गाभा घनमीटरला साधारण 1,100 किलो भरतो. साग 650च्या आसपास. म्हणजे हे लाकूड पाण्यात टाकलं तर तळाशी जातं. रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे रंधा उलटा फिरला की लाकूड उचकटतं. पटाशीची धार लवकर जाते. पण संथपणे, थोडं थोडं कोरणाऱ्याला ते भरभरून देतं: बारीकशी कडाही टिकते, आणि घासलं की शिंगासारखी चकाकी येते. वाळवी सहसा लागत नाही. ताजं कापलेलं लाकूड केशरी-लाल दिसतं, मग हवा-उजेडाने जांभळट काळं होत जातं. त्यातलं सँटॅलिन हे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मद्यार्कात मात्र सहज उतरतं. मध्ययुगीन युरोपात स्वयंपाकीसुद्धा पदार्थांना लाली आणायला हे लाकूड वापरत.

चीनमध्ये मिंग आणि चिंग राजवटींत दरबारी आसनं, मेजं याची बनत. मला जास्त भावतो तो जपानी उपयोग. शामिसेन या तीन तारांच्या वाद्याला पडदे नसतात. बोटं आणि तारा थेट दांड्यावर घासतात. मऊ लाकडाला लवकर खाचा पडतात, म्हणून उत्तम दांडा रक्तचंदनाचा. त्यातही लाटांसारखी रेषा असलेल्या तुकड्याला मोठा मान.

त्या लाटांच्या मोहापायी डोंगर लुटले गेले. 1995पासून हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आहे, तरी तस्करी थांबलेली नाही. ‘पुष्पा’ चित्रपटामुळे रक्तचंदनाचं नाव घरोघरी पोचलं, पण तस्कराबरोबर. श्रीकाळहस्तीजवळच्या माधवमालात पिढ्यानपिढ्या मूर्ती कोरणाऱ्यांचं नाव त्याबरोबर यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. तमिळ घरांत नवरात्रीच्या गोलूत, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीत, राजा-राणीची जोडी मांडतात, तीही परंपरेने याच लाकडाची. लेकीला लग्नात द्यायची. अशा जोडीला वीतभर लांबीचे दोन तुकडे पुरतात.