जोडीने प्रवास, सोबतीला मित्र

रायपूरच्या जुन्या वस्तीतील तात्यापारा हा मराठी माणसाला परका न वाटणारा भाग आहे. छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून येथील कारभार पाहू लागले. तेव्हापासून नोकरी, वकिली, शिक्षकी आणि व्यापार या निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली आणि येथलीच झाली. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून त्यांचा सांस्कृतिक आधार आहे.

या कुटुंबांना प्रवास नवा नाही. नागपूर, अमरावती, पुणे, मुंबई येथे नातेवाईक असल्याने वर्षातून एक-दोन फेऱ्या ठरलेल्याच असतात. परंतु या फेऱ्यांचा हिशेब मांडला, तर लग्न, मुंज, बारसे, आजारपण आणि देवदर्शन यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. पती-पत्नी दोघे केवळ आनंदासाठी, आपल्या आवडीच्या मित्रांसह, कोणाचेही कार्य नसताना घराबाहेर पडले आहेत, असा प्रसंग अनेक घरांत आठवून सांगावा लागतो.

‘निवृत्तीनंतर पाहू’

अशा सहलीचा विचार निघाला की उत्तर ठरलेले असते. आधी मुलांचे शिक्षण, मग घराचे कर्ज, मग मुलीचे लग्न आणि त्यानंतर निवृत्ती. प्रत्येक कारण खरे असते, म्हणूनच ते मोडवत नाही. मात्र निवृत्तीच्या वेळी हाती रक्कम आणि वेळ आली, तरी गुडघे, रक्तदाब आणि नातवंडांच्या शाळेच्या वेळा यांनी आपला वाटा आधीच मागितलेला असतो. मित्रांपैकी एखादे कुटुंब मुलाकडे बंगळूरला गेलेले असते. कधी जोडीतील एकाची तब्येत प्रवासाला साथ देत नाही.

म्हणून सहल ही उरलेल्या पैशातून आणि उरलेल्या वयात करण्याची गोष्ट नव्हे. ती दरवर्षी थोडी थोडी करावी. तिच्यासाठी पैसा आधी बाजूला काढावा आणि तिचे नियम निघण्यापूर्वी ठरवावेत. ही तीन पथ्ये पाळली, तर सहल परवडते आणि मैत्रीही टिकते.

आरंभ घराजवळून

पहिल्याच सहलीला आठ दिवसांचा बेत आखू नये. चार जोडप्यांचे सूर जुळतात की नाही, हे एका दिवसाच्या सहलीत समजते आणि चूक झाली तरी ती स्वस्तात पडते. रायपूरकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही.

शहरातील महंत घासीदास संग्रहालयाची स्थापना १८७५ मधील. सिरपूरला सापडलेल्या बौद्ध कांस्यमूर्ती तेथे पाहाव्यात आणि पुढच्या रविवारी सिरपूर गाठावे. महानदीच्या तीरावरील हे गाव एके काळी दक्षिण कोसलाची राजधानी होते. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग या प्रदेशात येऊन गेला. येथील लक्ष्मण मंदिर विटांचे आहे आणि तेराशेहून अधिक वर्षे उभे आहे. १९५० च्या दशकात येथे उत्खनन करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ होते, ही गोष्ट मराठी पाहुण्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी.

दुसरे ठिकाण राजिम. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम, काठावरचे राजीवलोचन मंदिर आणि नदीपात्रातील कुलेश्वर महादेव यांसाठी अर्धा दिवस पुरतो. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठा मेळा भरतो. गर्दी सोसत नसेल त्यांनी ते दिवस टाळावेत आणि ज्यांना मेळाच पाहायचा आहे त्यांनी तेच दिवस निवडावेत. धमतरीजवळील गंगरेलचे जलाशयही सकाळी निघून संध्याकाळी परतण्याजोगे आहे.

नातेवाइकांकडील फेरीलाही सहलीची जोड देता येते. नागपूरला लग्नासाठी जावेच लागते. परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढले, तर रामटेक पाहून होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन होते. छत्तीसगडात मात्र तो मान सरगुजा जिल्ह्यातील रामगडाला दिला जातो आणि आषाढाच्या आरंभी तेथे उत्सव होतो. बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला बांधलेली रामटेकरी हा या दोन प्रदेशांना जोडणारा तिसरा दुवा. पत्नीच्या विरहात झुरणाऱ्या यक्षाचा पत्ता शोधण्यासाठी पती-पत्नींनी जोडीने या तिन्ही टेकड्या चढाव्यात, याहून रसिक निमित्त कोणते?

पैसा आधी, प्रवास नंतर

सहलीचा खर्च एकदम समोर आला की तो मोठा वाटतो. हप्त्याहप्त्याने साठवला तर जाणवत नाही. आवर्ती ठेव म्हणजेच रिकरिंग डिपॉझिट ही योजना अशा हेतूसाठी अत्यंत सोयीची आहे. एका जोडप्याने दरमहा १,५०० रुपये बाजूला काढले, तर वर्षाअखेर १८,००० रुपये मुद्दल आणि वर व्याज असे हाती येते. चार जोडप्यांचे मिळून मुद्दलच ७२,००० रुपये होते. त्यात राज्यांतर्गत एक छोटी सहल सहज बसते. दोन वर्षे थांबले तर मोठा बेत आखता येतो.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, प्रत्येक जोडप्याने आपली ठेव आपल्याच नावावर ठेवावी. सर्वांची रक्कम एका मित्राच्या खात्यात साठवण्याची पद्धत वरवर सोपी दिसते. परंतु व्याजावरील कर, वारसाचा प्रश्न आणि मध्येच कोणी गट सोडल्यास परतफेड, असे तिन्ही गुंते त्या एका मित्राच्या माथी येतात. ठेव पती-पत्नींच्या संयुक्त नावे असावी आणि नामनिर्देशन केलेले असावे. दुसरी गोष्ट मुदतीची. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. त्यामुळे ठेवीची मुदत सहलीच्या सुमारे तीन महिने आधी संपेल अशी योजावी, म्हणजे तिकिटासाठी ठेव मोडून व्याज गमावण्याची वेळ येत नाही.

मैत्री राखणारा हिशेब

सहलीत मैत्री बिघडते ती बहुधा मोठ्या रकमेवरून नव्हे. तीनशे रुपयांच्या नाश्त्यावरून मनात अढी बसते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर दोन रकाने करावेत. एकात सामायिक खर्च, म्हणजे गाडीभाडे, टोल, चालकाचा भत्ता, वाटाड्या, प्रवेश शुल्क आणि एकत्र घेतलेले जेवण. दुसऱ्यात खासगी खर्च, म्हणजे खरेदी, औषधे आणि वेगळी खोली. सामायिक खर्चासाठी प्रत्येक जोडप्याने निघतानाच सारखी रक्कम जमा करावी. एकाने खजिनदार व्हावे आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब सर्वांना वाचून दाखवावा. पुढच्या सहलीला खजिनदार बदलावा.

ऐनवेळी एखाद्या जोडप्याला यायला जमले नाही, तर काय करायचे? तिकीट रद्द करण्याचे शुल्क गाडी सुटण्याची वेळ जवळ येईल तसे वाढत जाते. भाड्याच्या मोटारीचा खर्च मात्र माणसे कमी झाली म्हणून कमी होत नाही. त्यांच्या वाट्याचे गाडीभाडे त्यांनी द्यावे की उरलेल्यांनी वाटून घ्यावे, याचे उत्तर गटागणिक वेगळे असू शकते. पण ते कोणाच्या घरी आजारपण येण्याआधी ठरलेले असावे. आधी ठरलेला नियम कोणाला टोचत नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याची सवय आता सर्वांना आहे. तरी डोंगराळ भागात नेटवर्क नसते, म्हणून थोडी रोख रक्कम दोघा-तिघांत विभागून ठेवावी. हॉटेलचे आरक्षण करताना शोधयंत्रात सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नये आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

सहल कोणाची?

घरातील सहलीचा बेत अनेकदा पती आखतो आणि तयारी पत्नी करते. चौघांच्या बॅगा, औषधांचा डबा, ठेठरी-खुरमी, चिवडा, दशम्या, शेजाऱ्यांकडे किल्ली, फुलझाडांना पाणी, ही सारी यादी एकट्या गृहिणीच्या डोक्यात असते. प्रवासातही ‘डबा कुठे आहे?’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. घरची कामे गाडीत बसून केल्याने तिला विश्रांती मिळत नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येकाने आपली बॅग स्वतः भरावी. खाऊ घरी करायचा की विकत घ्यायचा, हे करणारीने ठरवावे. ठिकाण निवडताना पती-पत्नींनी आपापल्या पसंतीची तीन नावे वेगवेगळ्या कागदांवर लिहावीत. बरोबर चाळीस वर्षे संसार केलेल्या जोडप्यालाही जोडीदाराचा कागद वाचून नवल वाटू शकते. आठ माणसांच्या सहलीत एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. त्या वेळी कोणी कोणाला शोधू नये. ज्यांना पत्ते खेळायचे ते पत्ते खेळतील, ज्यांना दोघांनीच नदीकाठी बसायचे ते बसतील.

एक मोठा बेत

छोट्या सहलींत सूर जुळले की सहा दिवसांचा पुढील बेत विचारात घेण्याजोगा आहे. सप्टेंबर २०२४ पासून दुर्ग ते विशाखापट्टणम वंदे भारत गाडी सुरू झाली आहे. सकाळी रायपूरहून बसून दुपारी समुद्रकाठ गाठता येतो. एक दिवस विशाखापट्टणम पाहावे. तिसऱ्या दिवशी किरंदुलकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने अराकू खोऱ्यात जावे. हा लोहमार्ग पूर्व घाटातील पन्नासाहून अधिक बोगद्यांतून जातो. एक मुक्काम करून त्याच मार्गाने जगदलपूरला उतरावे. पाचवा दिवस इंद्रावतीवरील चित्रकोट आणि कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातील तीरथगड या धबधब्यांसाठी. सहाव्या दिवशी मोटारीने कोंडागाव, केशकाल घाट, कांकेर आणि धमतरीमार्गे घर. कोंडागावला ढोकरा कारागिरांकडे तासभर थांबावे.

ऋतूची निवड नीट करावी. नौतपाच्या दिवसांत हा बेत कोणी करू नये. भर पावसाळ्यात चित्रकोटचे रूप भव्य असले, तरी घाटात दरडी कोसळून गाड्या रखडतात आणि कुटुमसरची गुहा बंद असते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्व दृष्टींनी योग्य. मुख्य मार्ग सोडून आत जायचे असेल, तर जगदलपूरला चौकशी करून मगच जावे.

रात्रीच्या गाडीने पुणे, मुंबई किंवा हावड्याकडे जाणाऱ्यांनी आणखी एक नियम जाणून घ्यावा. खालच्या बर्थचा राखीव कोटा ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी असतो, परंतु तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो मिळतो. एका तिकिटावर सहा जणांची नावे घालता येतात म्हणून ती घालू नयेत. प्रत्येक जोडप्याचे तिकीट वेगळे काढावे. ज्येष्ठांची भाडे-सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे ध्यानात घेऊन अंदाजपत्रक पूर्ण भाड्याचे करावे.

एक खुर्ची रिकामी झाली तर

वर्षानुवर्षे एकत्र फिरणाऱ्या गटात एक दिवस असा येतो की चार जोडप्यांतील एक जण राहत नाही. मागे राहिलेली व्यक्ती बहुधा स्वतःहून म्हणते, ‘तुम्ही जा, माझे आता काय?’ आणि संकोचाने मित्रही आग्रह करीत नाहीत. तिकीट, खोली, गाडी यांची सारी गणिते जोडप्यांच्या हिशेबाने बसवलेली असतात. एकट्या व्यक्तीला खोलीचे पूर्ण भाडे पडते, हेही एक न बोललेले कारण असते. असे झाल्यास सामायिक खर्चाची वाटणी जोडप्यामागे न करता माणशी करावी, खोलीचा जादा भार सर्वांनी मिळून उचलावा आणि पुढच्या सहलीची तारीख प्रथम त्याच व्यक्तीला विचारून ठरवावी. त्या घराला सहलीची सर्वाधिक गरज तेव्हाच असते.

सिरपूरचे लक्ष्मण मंदिर राणी वासटेने आपला पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ उभारले. विटांच्या त्या शिखराला आज शेकडो जोडपी प्रदक्षिणा घालतात. रायपूरहून तेथे जाऊन यायला एक दिवस पुरतो. पुढचा मोकळा रविवार कोणता, एवढे चार घरांनी आज ठरवावे आणि आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता याच महिन्यात भरावा.