शेक किती, आणि कुठे नको

वर्ध्याकडच्या पेशंटच्या तोंडी रेडिएशनला शब्द एकच, ‘शेक’. “मानेला शेक चालू आहे”, “पंधरा शेक झाले.” शब्द मायेचा आहे, पण फसवा. गुडघ्याला दिलेला विटेचा शेक वरवर थांबतो. हा आरपार जातो. गाठीपर्यंत पोचताना आणि गाठ ओलांडून पुढे जाताना वाटेतलं फुफ्फुस, हृदय, लाळग्रंथी, सगळ्यांना वाटा देत जातो. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगात, प्लॅनिंगची खरी कसरत या वाटेतल्यांसाठी असते.

लिम्फोमाच्या ज्या प्रकाराला आज हॉजकिन म्हणतात, त्याचं वर्णन थॉमस हॉजकिनने केलं १८३२ साली. तो बरा होऊ लागायला सव्वाशे वर्षं गेली. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांनी १९५६ मध्ये लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर उपचारात आणला आणि पुढे ‘मँटल’ पद्धत रुळली. जबड्यापासून छातीच्या पडद्यापर्यंत, दोन्ही काखांसकट, साधारण ४० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक). खांद्यावरून सोडलेलं घोंगडंच म्हणा. तरुण पोरं बरी झाली, त्यांची लग्नं झाली. मग पंधरा-वीस वर्षांनी हिशेब आला. किशोरवयात शेक घेतलेल्या मुलींना स्तनाचा कर्करोग, कुणाच्या हृदयाच्या धमन्या आणि झडपा खराब, कुणाचं थायरॉइड थंडावलेलं. २०१६ च्या डच अभ्यासात हृदयाला सरासरी मिळालेल्या प्रत्येक ग्रेमागे धमनीविकाराचा सापेक्ष धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. इथवर चालेल अशी सुरक्षित पायरी त्यात सापडली नाही.

कॅप्लन यांना दोष देणं सोपं आहे. पण घोंगडं नसतं तर हे दुष्परिणाम मोजायला माणसंच उरली नसती.

केमोथेरपी सुधारली तसं घोंगडं आखडत गेलं. जर्मन गटाच्या एचडी-१० चाचणीने २०१० मध्ये दाखवलं, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या, कमी जोखमीच्या हॉजकिनमध्ये एबीव्हीडी केमोच्या दोन सायकल आणि २० ग्रे पुरतात. म्हणजे जुन्याच्या निम्मे. २०१४ पासून जागाही आटली. केमोआधी जिथे गाठ होती तेवढाच भाग आणि भोवती थोडा पदर. म्हणून केमो सुरू होण्याआधीचा पेट-सीटी जपावा लागतो. केमोने गाठ विरघळली की नकाशा त्याच फिल्मवर उरतो.

प्रत्यक्षात काम असं चालतं. मान असेल तर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क करतात. थंड झाला की मान हलत नाही. मग सीटी. त्याच्या एकेका कापावर डॉक्टर गाठीची जागा आखतात, तसंच हृदय, फुफ्फुसं, स्तन, मज्जारज्जूही. छातीतली गाठ असली की “श्वास भरा, धरा” शिकवतात. फुफ्फुसं फुगतात, हृदय खाली सरकतं, आणि पुष्कळदा किरणांच्या वाटेतून बाहेर पडतं. यंत्राइतकंच काम इथे पेशंटच्या दमाचं आहे. पुढे फिजिसिस्ट किरणांचे कोन बसवतो. चारी बाजूंनी थोडी थोडी किरणं सोडली तर हृदय वाचतं, पण फुफ्फुसांना आणि स्तनांना हलका डोस पसरतो. विशीतल्या मुलीत तो हलका डोसही नको असतो, म्हणून बहुतेक किरणं पुढून-मागून ठेवतात. एकाला वाचवताना दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, हे कुठलंही सॉफ्टवेअर टाळू शकत नाही.

आपल्याकडे काही ठिकाणी अजून कोबाल्टची यंत्रं आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘भाभाट्रॉन’ स्वस्त, विजेच्या लहरी सोसणारं. पण कोबाल्टच्या किरणांची कड पसरट, त्यामुळे गाठीला खेटून असलेलं हृदय वगळणं अवघड. शिवाय ५.२७ वर्षांत स्रोत निम्मा होतो, म्हणजे तेवढ्याच डोसाला दुप्पट वेळ टेबलावर. दुसऱ्या टोकाला खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉन केंद्र. प्रोटॉन गाठीपाशी थांबतात, पण वर्ध्याहून ते अख्खा महाराष्ट्र ओलांडून गेल्यावर.

यंत्र कुठलंही असो, शेकाचा हिशेब पुढे कुणी तरी ठेवायला हवा. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला उभं केलेलं वैद्यकीय महाविद्यालय आज जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालवतं. अशा नोंदणीत नवे रुग्ण आणि मृत्यू मोजतात; वीस वर्षांपूर्वी कुणाच्या हृदयाला किती ग्रे गेले, हे तिचं काम नाही. तो कागद घरातच राहायला हवा. तुमच्या घरी कुणी तरुणपणी छातीला शेक घेतला असेल, तर जागा आणि डोस लिहिलेला कागद रुग्णालयातून मागून घ्या आणि छातीत दुखलं की पहिल्यांदा तोच डॉक्टरांपुढे ठेवा. बाई असेल तर शेकानंतर आठ वर्षांनी, पण पंचविशीच्या आत नाही, स्तनांची दरवर्षी तपासणी सुरू करा. आणि बिडी आजच सोडा.