पायांचा हिशेब : नागपुरातील कथक शिक्षणाच्या पायऱ्या

एप्रिल उजाडला की नागपुरातील कथकवर्गांत परीक्षेचे वारे वाहू लागतात. बाहेर पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असतो. खोलीत कूलरची घरघर चाललेली असते आणि त्या घरघरीतून दहा-बारा मुलींच्या घुंगरांचा एकसारखा नाद रस्त्यापर्यंत येतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एक उन्हाळ्यात आणि दुसरे दिवाळीनंतर. उन्हाळ्याच्या सत्राला गर्दी अधिक, कारण शाळेची वार्षिक परीक्षा तोवर आटोपलेली असते.

इतवारी, लकडगंज, वर्धमाननगर या भागांतील आपल्या व्यापारी कुटुंबांतून कथक शिकणाऱ्या मुलींची संख्या लक्षणीय आहे. आरंभ बहुधा महावीर जयंतीच्या किंवा पर्युषणातील सांस्कृतिक कार्यक्रमापासून होतो. सहा-सात वर्षांची मुलगी ध्वनिमुद्रित स्तवनावर नाचते, सगे-सोयरे कौतुक करतात आणि येत्या जूनपासून तिचे नाव एखाद्या वर्गात घातले जाते. घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी नृत्याबद्दल नापसंती दर्शवलीच, तर राजप्रश्नीय सूत्राचे स्मरण करून देता येते. सूर्याभ देवाने भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्यविधी सादर केल्याचे वर्णन त्यात आहे. दुसरी शंका आजीची असते, ती घुंगरांच्या पट्ट्याबद्दल. भरतनाट्यमचे घुंगरू पुष्कळदा चामड्याच्या पट्ट्यावर बसवलेले असतात. कथकचे घुंगरू मात्र सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवतात. हे कळल्यावर आजीचे समाधान होते. तबल्याच्या पुडीचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही, आणि तो न काढलेलाच बरा.

प्रवेश होतो, शुल्क भरले जाते, परीक्षा सुरू होतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या. त्यापुढे अलंकारच्या दोन. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. 1931 मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभे केले. खेड्यापाड्यांतील आणि लहान शहरांतील विद्यार्थ्याला एकसारखा अभ्यासक्रम मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती आणि ती फळाला आली. घरी संगीताचा गंधही नसलेल्या किती तरी कुटुंबांत या परीक्षांमुळेच कला पोहोचली.

पालकांना या पायऱ्यांची नावे तोंडपाठ असतात. पायरीवर नेमके काय शिकवले जाते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

पहिला धडा तत्काराचा. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ हे आठ बोल, आणि त्यांवर पायांचे आठ आघात. उजवा, डावा, उजवा, डावा, येथवर चालण्यासारखेच. परंतु पुढच्या ‘आ’वर पुन्हा डावाच पाय पडतो, मग उजवा, डावा, उजवा. म्हणजे चौथा आणि पाचवा आघात एकाच पायाचा. शरीराची सवय उजव्यानंतर डावा, डाव्यानंतर उजवा अशी असते आणि नवी विद्यार्थिनी नेमकी येथे अडखळते. आठव्या आघातानंतर फिरून पहिला येतो तेव्हाही तेच घडते, त्या वेळी उजवा पाय दोनदा पडतो. हे दोन सांधे पायात मुरायला कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला तीन महिने. तळवा संपूर्ण टेकला पाहिजे, आवाज भरीव आला पाहिजे आणि कमरेवरील शरीर स्थिर राहिले पाहिजे. त्यामुळे अनेक गुरू आरंभी घुंगरू बांधूच देत नाहीत, कारण घुंगरांच्या नादात कच्चा आघात लपतो.

हे आठ आघात दोनदा घेतले की तीनतालाचे एक आवर्तन पुरे होते. तीनताल सोळा मात्रांचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. पहिल्या मात्रेला सम म्हणतात आणि सारी रचना शेवटी तिच्याकडेच परतते. एका मात्रेत एक आघात म्हणजे एकगुण, दोन म्हणजे दुगुण, चार म्हणजे चौगुण. चौगुणीत एका आवर्तनात चौसष्ट आघात पडतात, आठगुणीत एकशे अठ्ठावीस. गती वाढली तरी प्रत्येक आघात पृथक् ऐकू आला पाहिजे. नाही तर ती घसरण होते, चौगुण होत नाही.

मग एकेक नवी संज्ञा येऊ लागते. हस्तक म्हणजे हातांच्या ठरावीक हालचाली. थाट म्हणजे नृत्यारंभीची डौलदार स्थिर उभारणी, जिच्यात मान, भुवया आणि मनगट यांचे सूक्ष्म चलन असते. आमद हा फारसी शब्द, त्याचा अर्थ आगमन. दरबारी काळाची खूण त्यावर अजून आहे. तुकडा किंवा तोडा म्हणजे नृत्याच्या बोलांची छोटी बंदिश. परण म्हणजे पखवाजाच्या जोरकस बोलांची. गतनिकासात मुरली, मुकुट, घुंघट अशा एकेका भावमुद्रेची चाल असते, तर गतभावात एखादी कथाच उलगडते. कवित्त म्हणजे तालात बांधलेले काव्य. हे सारे बोल नाचण्यापूर्वी हाताने ताल धरून तोंडाने स्पष्ट म्हणावे लागतात. त्याला पढंत म्हणतात. पढंत कच्ची असलेली मुलगी पक्की नाचू शकत नाही, हे कोणत्याही जाणत्या गुरूकडून ऐकायला मिळेल.

व्यापारी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती तिहाई. एक बोलसमूह तीनदा म्हणून तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल बरोबर समेवर आणायचा. समजा, पाच मात्रांचा तुकडा आहे: ‘ता थेई थेई तत् ता’. तो तीनदा घेतला की पंधरा मात्रा झाल्या. मध्ये एकेक मात्रेची दोन विश्रांतिस्थाने ठेवली की सतरा. सोळा मात्रांचे आवर्तन संपून सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम. हिशेब जुळला. विश्रांती अर्ध्या मात्रेने जरी चुकली, तरी रोजमेळात एक रकम राहून गेल्यासारखे होते. कितीही सजावट केली तरी शिल्लक जुळत नाही. आणि अशी तिहाईयुक्त संपूर्ण बंदिशच जेव्हा तीनदा घेतात, तेव्हा तिला चक्रदार म्हणतात.

वरच्या पायऱ्यांवर ताल बदलतात. झपताल दहा मात्रांचा, एकताल बाराचा, धमार चौदाचा. सात मात्रांच्या रूपकात तर समेवरच खाली येते. तीनतालात बसलेला हिशेब तेथे नव्याने मांडावा लागतो. लेखी प्रश्नपत्रिका असते, घराण्यांचा इतिहास असतो आणि विशारदला तबला व लेहऱ्याच्या साथीने एकटीने सादरीकरण करावे लागते.

खरा प्रश्न येथे उभा राहतो. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांना वाढीव गुण देण्याची सवलत महाराष्ट्र शासनाने लागू केल्यापासून अनेक घरांत कथकची गणना गुणांच्या बेरजेत होऊ लागली आहे. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. तिचा लाभ घेण्यात काही गैर नाही. परंतु दहावीपूर्वी अमुक इतक्या परीक्षा झाल्याच पाहिजेत, असे लक्ष्य ठरले की वर्गातील वेळ तत्काराऐवजी परीक्षेच्या यादीवर खर्च होतो. मुलगी दहा तुकडे पाठ करते आणि ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर बिनचूक नाचते. ध्वनिमुद्रण कधी थांबत नाही, कधी वेग बदलत नाही, कधी प्रश्न विचारत नाही. जिवंत तबलजी हे तिन्ही करतो.

वर्धमाननगरातील एका धान्यव्यापारी कुटुंबात हेच घडले. मुलगी मध्यमा पूर्ण उत्तीर्ण झालेली, प्रमाणपत्रे बैठकीत चौकटीत लावलेली. वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात प्रथमच तबलजीच्या साथीने ती एकटी उभी राहिली. लय तिच्या सवयीपेक्षा किंचित चढी होती. पहिल्या तिहाईत ती समेच्या आधीच पोहोचली, दुसऱ्या तिहाईत समेनंतर. तिसरा तुकडा तिने अर्ध्यावर सोडला आणि नमस्कार करून आत गेली. त्या रात्री ती घरी कोणाशी बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात गुरूंनी तिला पुन्हा एकगुणीच्या तत्काराला उभे केले. घुंगरू उतरवून ठेवायला सांगितले, हातात टाळी आणि तोंडात बोल. वडील दुकान मुनीमजींवर सोपवून वर्गात आले. “ताई, पाच परीक्षा झाल्या हिच्या. आता पुन्हा पहिलीचा धडा कशासाठी?” ताईंनी आवाज चढवला नाही. “भाऊ, पाच परीक्षांत ही काय नाचली ते मला ठाऊक आहे, मीच शिकवलं. घाई तुम्हाला होती आणि मी अडवलं नाही, ती चूक माझी. आता मला तीन महिने द्या.”

गुरूने असे कबूल करणे दुर्मीळच. परीक्षांचे निकाल हीच वर्गाची जाहिरात झाल्यामुळे पालकांच्या घाईला नकार देणे गुरूंनाही महाग पडते. तेव्हा दोष एकट्या पालकांच्या खाती टाकता येणार नाही.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या तालांतून आणि आयरिश व इंग्रज लोकांच्या पदन्यासांतून टॅप नृत्य जन्माला आले. बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूची पट्टी बसवलेली असते व लाकडी जमिनीवर पायच वाद्य होतो. तेथेही संज्ञांची अशीच चढती माळ आहे. शफल म्हणजे मोकळ्या पायाने पुढे व मागे असे दोन घासते आवाज. फ्लॅप म्हणजे एक घासता आवाज आणि लगेच त्याच पायावर भार. स्टॅम्प आणि स्टॉम्प हे दोन्ही सपाट पायाचे आघात आणि ऐकायला सारखेच. परंतु स्टॅम्पमध्ये शरीराचा भार त्या पायावर जातो, स्टॉम्पमध्ये पाय आपटून लगेच मोकळा होतो. हा फरक न समजलेला विद्यार्थी पुढच्या पावलाला चुकीच्या पायावर उभा सापडतो. तत्कारातील चौथ्या-पाचव्या आघाताची अडचण आठवावी. गोष्ट तीच, भार कोणत्या पायावर आहे याची. इंग्लंडमध्ये 1904 साली स्थापन झालेली इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग ही संस्था टॅपच्याही श्रेणीबद्ध परीक्षा घेते. तेथील पालकही पुढच्या श्रेणीची चौकशी करीत असणार, यात शंका नको.

या दोन परंपरा एका रंगमंचावर समोरासमोर आल्या, ती घटना आपल्या मुलींना अवश्य सांगण्यासारखी आहे. कोलकात्याचे आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले कथकगुरू पंडित चित्रेश दास आणि अमेरिकी टॅपनर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ यांची भेट 2004 मध्ये अमेरिकन डान्स फेस्टिव्हलमध्ये झाली. दोघांच्या वयात साडेतीन दशकांचे अंतर. एकाच्या पायात घुंगरू, दुसऱ्याच्या पायात टॅपचे बूट. त्या भेटीतून ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ हा कार्यक्रम उभा राहिला आणि देशोदेशी गाजला. भारतातही त्याचे प्रयोग झाले. त्यांना एकमेकांची परिभाषा पाठ करावी लागली नाही. लयीचे गणित दोघांच्याही पायांत होते. पंडित दास 2015 च्या जानेवारीत निवर्तले.

नागपूरला तर एवढे दूर पाहण्याचेही कारण नाही. येथून पूर्वेकडे निघालेली हावड्याची रेल्वे ज्या रायगडवरून जाते, त्या छत्तीसगडमधील रायगडचे राजे चक्रधरसिंह स्वतः तबला-पखवाजाचे जाणकार होते. 1905 ते 1947 एवढेच आयुष्य त्यांना लाभले. त्यांनी जयपूर आणि लखनऊ या दोन्ही घराण्यांचे गुरू दरबारी बोलावून गावातील होतकरू मुलांना शिकवले. कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज ही त्याच परंपरेतील नावे. त्याच दिशेला डोंगरगढच्या पुढे खैरागढला, राजपरिवाराने दिलेल्या राजवाड्यात 1956 पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय चालते. कथकमध्ये पदवी आणि पुढील शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या नागपूरच्या मुलीला हे ठिकाण जवळचे आहे. पश्चिमेकडे पाहायचे तर पुण्यात गुरू रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये स्थापिलेली नृत्यभारती आहे. विशारदनंतर वाट संपत नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. सदनिकांतील चकचकीत फरशीखाली काँक्रीट असते, ते आघात मुळीच पचवत नाही. तासभर चौगुण केल्यावर त्याचा ताण नडगीवर आणि गुडघ्यावर येतो. इतवारीतील जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर सराव करणाऱ्यांना हा त्रास कमी होत असे. घरी सराव करायचा तर लाकडी फळी घालावी. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशीही त्यामुळे संबंध टिकतात. शंभर-शंभर घुंगरांचा भार लहान वयात पायांना बांधण्याची घाई करू नये.

त्या धान्यव्यापाऱ्याच्या घरी तीन महिन्यांचे पाच झाले. नोव्हेंबरच्या सत्राचा अर्ज भरला नाही. वडिलांची नाराजी उघड होती. वर्ष वाया गेले, असा शब्दही त्यांनी उच्चारला. घरात या प्रकाराचा अर्थ प्रथम उमगला तो आजोबांना. कथकचा त्यांना गंध नव्हता. पण सायंकाळी चौविहार आटोपला की ते झोपाळ्यावर बसत, आणि नात एकगुणीत तत्कार करताना बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत. प्रारंभी त्यांचे नवव्या मात्रेवर चुकत असे. पुढे जुळू लागले. एके दिवशी त्यांनी नातीला थांबवून सांगितले, “बेटा, पाचव्या मात्रेवर तुझा पाय हलका पडतो. चौथा वाजतो, पाचवा नाही वाजत.” ती चकित झाली, हीच गोष्ट ताई दोन आठवडे सांगत होत्या.

डिसेंबरात तबलजी पुन्हा वर्गात आले. या खेपेस प्रेक्षक नव्हते, ताई होत्या आणि दारापाशी पादत्राणे काढून बसलेले आजोबा. मुलीने थाट घेतला, पढंत केली आणि एकच तुकडा नाचली, तोच पाच मात्रांच्या तिहाईचा. तबलजींनी मुद्दाम लय किंचित वाढवली. सम आली तेव्हा तिचा पाय, तबल्याचा ‘धा’ आणि आजोबांची टाळी एकदम पडली. ताई म्हणाल्या, “पुन्हा.”