ग्रुपवर रक्त मागताना

परवा आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला : "अर्जंट! ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. सगळ्यांना पाठवा." कोणाला पाहिजे, कुठल्या दवाखान्यात, कोणत्या तारखेला, काहीच नाही. तरी अर्ध्या तासात तो दहा ग्रुपांवर गेला.

मागच्या पावसाळ्यात असाच एक मेसेज आम्हीही पुढे ढकलला होता. तो वाचून ब्रह्मपुरीकडचा एक मुलगा रोवणीची मजुरी बुडवून, वैनगंगा ओलांडून, मोटारसायकलने गडचिरोलीला गेला. तिथे कळले की बाळंतिणीला दोन दिवसांआधीच रक्त मिळाले होते. पोरगा काही बोलला नाही. पण आता तो लगेच निघत नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यातल्या काहींना पुन्हा पुन्हा रक्त लागते. एकदा दिलेला पुरुष 3 महिन्यांनी, बाई 4 महिन्यांनीच परत देऊ शकते. म्हणून देणारा माणूस फुकट फिरवला, की नुकसान पुढच्या रुग्णाचे होते.

तर ग्रुपवर टाकण्याआधी रक्तपेढीत विचारा. त्या गटाची पिशवी तिथेच असू शकते. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आदल्या रात्री धावाधाव करू नका. दिलेले रक्त एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासल्याशिवाय कोणाला चढवत नाहीत, त्यात वेळ जातो.

कोणी नाही म्हटले तर ग्रुपवर कारण विचारू नये. देणाऱ्याचे वजन 45 किलो तरी लागते, हिमोग्लोबिन 12.5 लागते. आपल्यापैकी कितीजणींचे तेवढे असते? कोणी अंगावर पाजत असते, कोणाची गोळी सुरू असते. ते चारचौघांत सांगायला लावायचे कशाला! तसाच रुग्णाचा फोटो आणि रिपोर्टही टाकू नये. लग्नाच्या मुलीचा सिकलसेलचा कागद एकदा फिरला की परत गोळा करता येत नाही.

रक्ताचे पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, तो गुन्हा आहे. पण येणाऱ्याला नेण्या-आणण्याची सोय करावी, जेवूखाऊ घालावे, आणि त्या दिवशी त्याला जड काम सांगू नये.

मेसेज कसा असावा, वाचून दाखवतो : "बी पॉझिटिव्ह, 2 पिशव्या. बाळंतपणासाठी. अमुक दवाखाना, अमुक रक्तपेढी. गुरुवारी सकाळी 11 पर्यंत. रुग्णाच्या भावाचा फोन अमुक. निघण्याआधी फोन करा." आणि रक्त मिळाले की त्याच क्षणी, जिथे जिथे पाठवला तिथे तिथे : "रक्त मिळाले. आता कोणी निघू नका, मेसेज पुढे पाठवू नका. दादा, ताई, तुमचे उपकार आहेत. बाळ-बाळंतीण बरी आहे."