नंबर सरकारचा, नाव आपलं!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं संपादक मंडळातल्या मित्राने सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर दोष प्रूफ तपासणाऱ्याचा! विषय मात्र मी माझ्या आवडीचा निवडलाय : लढाऊ विमानांवर रंगवलेली चित्रं, स्क्वाड्रनचे बिल्ले आणि काही जगावेगळे रणगाडे. तुम्ही म्हणाल, हिमायतनगरच्या पोराचा आणि याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो माझ्या काकांच्या ट्रकपासून सुरू होतो.

काकांचा ट्रक दहा चाकी होता. सीझनमध्ये कापूस, नाहीतर सोयाबीन. कॅबिनच्या माथ्यावर 'श्री परमेश्वर प्रसन्न', कारण परमेश्वर हे आमचं ग्रामदैवत. मागच्या फाळक्यावर दोन मोर, मध्ये कमळ आणि खाली माझ्या दोन्ही चुलत बहिणींची नावं. दर दिवाळीच्या आधी पेंटर यायचा आणि रंग ताजा करून जायचा. मी चौथी-पाचवीत असताना काकांना विचारलं होतं, "नंबर प्लेट आहे ना, मग यावर पैसे कशाला घालवता?" काका म्हणाले, "नंबर आरटीओचा हाय रे बाबा. गाडी तर आपली हाय ना?"

तेव्हा मी नुसता हसलो. पण पुढे विमानांवरच्या चित्रांबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, जगभरचे वैमानिक काकांसारखंच बोलत होते!

विमानाच्या पुढच्या भागावर काढलेल्या चित्राला 'नोज आर्ट' म्हणतात. याची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळातली (१९१४-१८). फ्रान्चेस्को बराक्का नावाचा इटालियन वैमानिक आपल्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवायचा. १९१८ मध्ये तो मारला गेला. पुढे त्याच्या आईने तो घोडा एका मोटार शर्यतपटूला वापरायला सुचवला. त्या शर्यतपटूचं नाव एन्झो फेरारी! आपण ज्या गाडीचे पोस्टर होस्टेलच्या भिंतीवर लावतो, तिच्यावरचा घोडा मुळात एका लढाऊ विमानाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात ही कला भरात आली. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या ११२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने आपल्या पी-४० विमानांच्या नाकावर शार्क माशाचा दातांनी भरलेला जबडा रंगवला. पी-४० मध्ये इंजिनाखाली हवा घेणारं मोठं तोंड असतं, त्यामुळे जबडा अगदी फिट्ट बसतो. त्याचा फोटो पाहून चीन आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या 'फ्लाइंग टायगर्स'नी तोच जबडा उचलला आणि तो जगप्रसिद्ध झाला. त्यांचा उडत्या वाघाचा बिल्ला कोणी काढला माहीत आहे? वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने! त्या युद्धात डिस्नेच्या चित्रकारांनी वेगवेगळ्या तुकड्यांसाठी बाराशेहून जास्त बिल्ले काढून दिले.

पण हे सगळं नुसती हौस म्हणून नव्हतं. एकाच कारखान्यातून एकाच साच्याची हजारो विमानं बाहेर पडत होती. सगळ्यांचा रंग एक, फरक फक्त शेपटीवरच्या आकड्यांचा. त्यातल्या एकात दहा जणांनी बसायचं आणि परत येऊ की नाही हे माहीत नाही. अशा वेळी 'अमुक नंबरचं विमान' म्हणून कोणाचं मन लागेल? म्हणून नाव द्यायचं. 'मेम्फिस बेल' हे बी-१७ बॉम्बर वैमानिकाच्या मेम्फिसमध्ये राहणाऱ्या प्रेयसीवरून ओळखलं गेलं. प्रत्येक मोहिमेनंतर नाकावर एक छोटा बॉम्ब रंगवायचा. मे १९४३ पर्यंत २५ मोहिमा पुऱ्या झाल्या आणि विमानाबरोबर माणसंही घरी गेली.

आपल्याकडे विमानावर अशी मोठी चित्रं फारशी नसतात, पण स्क्वाड्रनला नाव आणि बिल्ला असतोच. २७ सप्टेंबर २००२ ला पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय विमानं हवाई दलात दाखल झाली, ती २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. कागदावर ती 'नंबर २०', पण वैमानिकांसाठी 'लाइटनिंग्ज'. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात वर्षानुवर्षं मिग-२१ तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने निरोप घेतला. तेव्हा शेवटच्या स्क्वाड्रनबद्दल लोक '२३ नंबर' असं नाही, 'पँथर्स' असं म्हणत होते. बिल्ला खांद्यावर असतो, म्हणून विमान गेलं तरी तो राहतो.

आता जमिनीवर येऊ. सेकंड इयरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट अहिल्यानगरला गेली होती (२०२४ पर्यंतचं अहमदनगर). कारखाना बघून झाल्यावर सरांनी बस 'कॅव्हलरी टँक म्युझियम'कडे वळवली. १९९४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं आहे. रोल्स रॉइसच्या चेसिसवर बांधलेली चिलखती गाडी, जपानी चि-हा, पाकिस्तानकडून पकडलेले पॅटन... काय नाही तिथे! पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो एका विचित्र 'ग्रँट' रणगाड्यासमोर. त्याच्या वरच्या घुमटात तोफ नाहीच, तिथे दिवा आहे!

याचं नाव 'कॅनॉल डिफेन्स लाइट'. कालव्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून मुद्दाम दिलेलं ते खोटं नाव. घुमटात सुमारे १ कोटी ३० लाख कँडलपॉवरचा कार्बन आर्क दिवा असे. त्याचा प्रकाश आरशाने एका जागी गोळा करून फक्त २ इंच रुंद आणि २४ इंच उंच फटीतून बाहेर सोडत. फट एवढी अरुंद कशाला? कारण गोळी आत शिरायची शक्यता कमी. फटीतून निघालेला झोत आडवा १९ अंश आणि उभा १.९ अंश पसरे. आता आपलं ट्रिगनॉमेट्री वापरा : ९१० मीटर अंतरावर ९१० गुणिले टॅन १९, म्हणजे साधारण ३१० मीटर रुंदीचा पट्टा आणि उंची फक्त ३० मीटर. म्हणजे प्रकाश आकाशात वाया न जाता सरळ शत्रूच्या डोळ्यात! वर झडप उघडझाप करून प्रकाश लुकलुकता ठेवायची सोय, म्हणजे डोळ्यांना सवयही होणार नाही. ग्रँटची खरी तोफ खाली धडात असल्याने ती शाबूत राहिली, आणि घुमटावर लाकडी तोफ लावून तो साध्या रणगाड्यासारखा दिसेल याची काळजी घेतली.

गुपित इतकं कडक पाळलं गेलं की वापर फार थोडा झाला. मार्च १९४५ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीवरच्या रेमागेन पुलाच्या रक्षणाला हे दिवे कामी आले. भारतात आणलेले ग्रँट मलायावरच्या चढाईसाठी होते, पण त्याआधीच युद्ध संपलं. शेवटी १९४६ च्या कलकत्त्याच्या दंगलीत पोलिसांना मदत म्हणून ते रस्त्यावर उतरले. आज जगात असे रणगाडे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यातला एक आपल्या महाराष्ट्रात आहे!

तिथे उभा असताना माझ्या डोक्यात आलं : यंत्राला तीन प्रकारे ओळखतात. नंबर मोजण्यासाठी. खोटं नाव लपवण्यासाठी. आणि तिसरं, आत बसणाऱ्याने दिलेलं. या तिसऱ्या प्रकाराची गोष्ट त्याच नगरची आहे.

अरुण खेतरपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. जून १९७१ मध्ये ते 'पूना हॉर्स'मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. ही रेजिमेंटसुद्धा १८१७ साली पुण्यातच उभी राहिलेली. नगरला त्यांचा कोर्स चालू असतानाच युद्धाचे ढग जमले आणि ते आपल्या रेजिमेंटकडे गेले. १६ डिसेंबर १९७१, बसंतर नदीची लढाई. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचा नंबर जेएक्स २०२, पण नाव होतं 'फामागुस्ता'. सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव! रणगाडा पेटला, रेडिओवर बाहेर पडायचा हुकूम आला. त्यांनी कळवलं की आपली तोफ अजून चालतेय. ते बाहेर पडले नाहीत. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. 'फामागुस्ता' दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय. मी विशीचा आहे आणि मला अजून एम-३ चा बॅकलॉग सुटत नाही. खरं सांगतो, त्या संध्याकाळी बसमध्ये मी फारसा बोललो नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या बी-२९ विमानाचं नाव होतं 'एनोला गे'. वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचं नाव! आईवर प्रेम असेलच हो. पण प्रेमाने दिलेल्या नावामुळे त्या यंत्राने केलेलं काम बदलत नाही. नाव आत बसलेल्या माणसाबद्दल सांगतं. खाली उभ्या असलेल्या माणसाबद्दल ते एक अक्षर बोलत नाही.

काकांचा ट्रक दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला. भंगारवाल्याने वजनाचा भाव लावला. त्याच्या हिशेबात मोर आणि कमळ बसत नव्हते. काकांनी वाद घातला नाही, फक्त मागचा फाळका काढून ठेवला. तो आज आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून उभा आहे. रंग उडालाय, पण दोन्ही नावं वाचता येतात.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. ड्रॉइंग शीटवर आपण पार्ट नंबर लिहू, तो लिहायलाच हवा. पण त्या यंत्रात कोणीतरी बसणार आहे आणि त्याच्यासमोर कोणीतरी उभं राहणार आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला झकास नाव जरूर द्या. फक्त नाव ठरवायच्या आधी या दोघांचा विचार करा. एवढंच सांगायचं होतं. चुकभूल द्यावी घ्यावी!