आजी निघाली बर्फात

आजचा विषय ऐकून तुम्हाला हसू येईल. आपण बोलणार आहोत फ्रान्समधल्या बर्फाच्या डोंगरावरच्या सुट्टीबद्दल. पण कारण अगदी घरातलं आहे. आमच्या बचत गटातल्या एका काकूंची लेक लग्नानंतर फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहते. तिला पाच वर्षांचा मुलगा आहे आणि चौदा महिन्यांची मुलगी. फेब्रुवारीत काकू तिकडे जाणार आहेत आणि त्यातले आठ दिवस सगळे मिळून डोंगरावर राहणार आहेत. काकू मीटिंगला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बर्फावरून घसरायला माणसं पैसे देतात म्हणे! आणि मी तिथं काय करू?"

मग आम्ही त्यांच्या लेकीशी फोनवर दोनदा निवांत बोललो. शिवाय थोडं वाचलं. आज परदेशात लेक किंवा लेक-सून असलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत, तेव्हा हे सांगितलेलं वाया जायचं नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला आल्प्सची रांग आहे. तिथं हिवाळ्यात चार-पाच महिने बर्फ असतो. पायाला लांब पट्ट्या बांधून त्या बर्फावरून घसरत खाली यायचं, याला स्की म्हणतात. वर जायला रोपवे असतात, रायगडावर असतो तसे, फक्त शेकड्यांनी. काकूंची लेक ज्या ठिकाणाचा विचार करतेय त्याचं नाव लेझ आर्क. खालच्या बूर्ग-सँ-मोरीस गावापर्यंत रेल्वे जाते आणि तिथून वर चढायला फनिक्युलर ट्रॉली आहे, सप्तशृंगीच्या गडावर आहे तशी. वरच्या पहिल्या वस्तीचं नावच आर्क 1600. म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण 1600 मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर 1646 मीटर. तेव्हा कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वस्ती, दुकानं, शाळा आणि बर्फ, असं डोळ्यासमोर आणा. त्याच्या वर 1800, 1950 आणि 2000 नावाच्या वस्त्या आहेत.

हे ठिकाण 1960 च्या दशकाच्या शेवटी नव्यानं वसवलं गेलं आणि त्याच्या आखणीत एका बाईचा मोठा वाटा आहे. शार्लोत पेरियाँ. काम हातात घेतलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. छोट्या घरांत त्यांनी स्वयंपाकघर बंद खोलीत कोंडलं नाही, बैठकीलाच जोडून मोकळं ठेवलं, म्हणजे रांधणारी बाई गप्पांतून बाजूला पडत नाही. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ते ठिकाण बरं दिसतंय."

आता नियोजनाचं. पहिली गोष्ट तारखांची. फ्रान्समध्ये शाळांना हिवाळ्यात दोन आठवड्यांची सुट्टी असते, पण सगळ्या देशाला एकदम नाही. देशाचे तीन विभाग पाडलेत, अ, ब आणि क. त्यांच्या सुट्ट्या पुढेमागे असतात, नाहीतर सगळं फ्रान्स एकाच दिवशी डोंगर चढायला लागेल. ल्यों अ विभागात येतं, पॅरिस क मध्ये. या सुट्ट्यांच्या चार आठवड्यांत घरभाडं सगळ्यात जास्त. जानेवारीत किंवा मार्चच्या मध्यानंतर तेच घर बऱ्याच कमी पैशांत मिळतं. नातू अजून बालवाडीत आहे, पण तिकडे तीन वर्षांपासून शाळा सक्तीची आहे. तेव्हा शाळा बुडवायची सोय नाही, सुट्टीतच जावं लागणार. त्यातही दोन आठवड्यांपैकी जो आठवडा पॅरिसच्या सुट्टीत येत नाही तो धरा, असं आम्ही लेकीला सुचवलं. तिनं तो आधीच धरला होता!

भाड्याची घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. त्यामुळे शनिवारी खालच्या दरीत गाड्यांची रांग लागते. आणि त्याच दिवशी, एक कुटुंब सकाळी निघालं की संध्याकाळी दुसरं येईपर्यंत, घरं झाडून-पुसून तयार करायची धावपळ चालते. हे काम करणाऱ्यांत बायाच जास्त. हंगामापुरती नोकरी, बर्फ संपला की कामही संपलं. ऊसतोडीचं गाव बघितलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लेकीनं पहिल्या वर्षी एक चूक केली होती, ती तिनंच सांगितली. स्वस्तातलं घर घेतलं, पण ते बर्फाच्या उतारापासून दीड किलोमीटर लांब. स्कीचे बूट टणक आणि जड असतात, त्यात मोठ्या माणसालाही नीट चालता येत नाही. सामान आईबापाच्या खांद्यावर, पोरगं रडतंय, आणि रोज सकाळी हीच वरात. वर भाड्यात चादरी-टॉवेल धरलेले नव्हते, शेवटची सफाईही नव्हती. वाचलेले पैसे तिथंच गेले. मुलं लहान असतील तर घर उताराजवळ पाहिजे आणि भाड्यात काय काय येतं ते आधी लिहून घ्यावं.

मुलांना शिकवायची तिथं फार चांगली सोय आहे. लाल जाकिटातल्या शिक्षकांची फ्रेंच स्की शाळा 1945 पासून चालते. तीन वर्षांपासून मुलांना बर्फाच्या अंगणात घेतात. त्या वर्गाचं नाव पिऊ-पिऊ, म्हणजे आपल्या भाषेत चिवचिव. तिथं सरकता पट्टा असतो, पोरं त्यावर उभी राहून वर जातात आणि घसरत खाली येतात. मग अस्वलाचं पिल्लू, मग बर्फाची पाकळी, मग पहिला तारा, अशा पायऱ्या. आठवडा संपताना पोराला बिल्ला मिळतो. उतारांनाही रंग दिलेत. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल, आणि काळा म्हणजे पट्टीच्या लोकांसाठी. नातवाला हिरव्यावरच राहू द्या, डोक्यावर हेल्मेट हवंच.

खर्चात रोपवेचा पास जड जातो. मोठ्या ठिकाणी मोठ्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर युरोंच्या पुढे पडतात, छोट्या गावांत त्याच्या निम्म्यावरही भागतं. पाच वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच ठिकाणी पास फुकट असतो, म्हणून पोराचं वय आणि नियम नीट जुळवून बघायचे. पट्ट्या, बूट, हेल्मेट भाड्यानं घ्यावेत. वाढत्या वयाच्या मुलाला ते विकत घेणं म्हणजे पैसे बर्फात पुरणं. आणि मैत्रिणींनो, फ्रान्समधले सगळे लोक दर वर्षी स्कीला जातात असं समजू नका. तिथल्याही बहुतेक घरांना हे परवडत नाही. म्हणूनच 1953 मध्ये पॅरिसजवळच्या एका शाळेनं अख्खा वर्ग सवॉयमधल्या ला फेक्लाझ गावी नेला, बर्फातच शाळा भरवली. तेव्हापासून अशा बर्फशाळांची प्रथा पडली.

विम्याचं मात्र कान देऊन ऐका. उतारावर कुणी पडलं, हाड मोडलं, तर खाली आणण्याचा खर्च पडलेल्या माणसाकडून घेतला जातो. 1985 च्या कायद्यापासून गावांना तो घ्यायची मुभा आहे. पास काढताना दिवसाला तीन-चार युरोंत वेगळा विमा मिळतो, तो घ्यावा. काकूंना व्हिसासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागणारच आहे. पण त्यात बर्फावरचे अपघात धरलेत का, हे एजंटला विचारून कागदावर बघायचं.

काकूंच्या बॅगेबद्दल. तूप, पेढे, खवा, चक्का यांतलं काही न्यायचं नाही. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला चालेल. डोंगरात खाणं चीजचं. पण फोंद्यू नावाच्या पातळ चीजमध्ये पांढरी वाइन घालतात, आणि तार्तिफ्लेत नावाच्या बटाट्याच्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. वरून दोन्ही साधी दिसतात. काकू माळकरी आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय घास घेऊ नये. खुद्द चीजही जुन्या पद्धतीनं वासराच्या पोटातल्या विरजणानं लावतात, हेही आम्ही त्यांना सांगून टाकलं. दूधवाल्या मैत्रिणींसाठी एवढंच सांगतो, तिथल्या बोफोर चीजच्या एका चाळीस किलोच्या चाकाला सुमारे चारशे लिटर दूध लागतं, आणि ते बरंचसं सहकारी संघांतच तयार होतं. उन्हाळ्यात गाई राखणारे काही शेतकरी हिवाळ्यात रोपवेवर किंवा स्की शाळेत कामाला असतात.

आतून सुती कपडा घालू नये. घामानं ओला झाला की अंगावर गार पडतो. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक, त्यावर स्वेटर, त्यावर पाणी न शिरणारं जाकीट. बर्फावरून ऊन उलटून डोळ्यांत येतं, म्हणून ढगाळ दिवशीसुद्धा काळा चष्मा हवा, तान्ह्या नातीलाही. एवढ्या लहान मुलीला त्या उंचीवर न्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आता खरा मुद्दा, जो काकूंनी शेवटी हळूच काढला. "ती दोघं नातवाला घेऊन वर जाणार. मग धाकटीला घेऊन दिवसभर मीच ना खोलीत?" आम्ही जरा गप्प झालो. मग लेकीलाच फोनवर सरळ विचारलं, की आईला फिरायला नेतेस की बिनपगारी पाळणाघर म्हणून? ती आधी रागावली, मग हसली. तिथं तान्ह्या मुलांसाठी पाळणाघरं असतात, पण जागा थोड्या. शरद ऋतूतच नाव घालावं लागतं आणि लसीकरणाचं पुस्तक दाखवावं लागतं. तिनं त्याच आठवड्यात सकाळपुरती जागा धरली. दुपारी आजी आणि नात. संध्याकाळी नातवाबरोबर घसरगाडी, ती चालवायला शिकावं लागत नाही. चालणाऱ्यांसाठी बर्फातून वेगळ्या वाटा आखलेल्या असतात आणि काही रोपवेवर नुसतं बसून जायचा पासही मिळतो.

काकूंचा एकच प्रश्न उरलाय, साडीचा. आम्ही म्हटलं, साडी घरात नेसा, बर्फावर जाड पँट लागेल, लेक भाड्यानं आणेल. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. सूनबाईची पँट मात्र परवा घालून बघत होत्या, असं कळलंय.